नुसतं पाहायला!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट. आमच्या कॉलनीतल्या एक वहिनी नुकत्याच युरोपची सहल करून परतल्या होत्या. त्यामुळे तिळगूळ घेता घेता सगळ्याजणी त्यांच्याभोवतीच जमल्या. पॅरिसचा मनोरा, स्वित्झर्लंडचं बर्फ, व्हेनिसच्या होड्या असे फोटो मोबाइलवर एकामागून एक सरकत होते आणि ‘अगबाई!’, ‘किती छान!’ चाललं होतं. मध्येच एका साध्याशा, विटांच्या इमारतीचा फोटो आला.

“हे काय हो? गोदाम की काय?” कुणीतरी विचारलं.

“मलाही आधी तसंच वाटलं,” वहिनी हसून म्हणाल्या. “हे रावेन्ना. उत्तर इटलीतलं गाव आहे. आमच्या सहलीत ते नव्हतंच. माझी भाची तिकडे शिकायला आहे, तिनं एक दिवस आगगाडीनं मुद्दाम नेलं. बाहेरून हे असं. पण आत पाऊल टाकलं की डोक्यावर निळंशार आभाळ आणि त्यात सोन्याच्या चांदण्या! रंगवलेल्या नाहीत बरं का, बारीक बारीक तुकडे बसवून केलेल्या. दीड हजार वर्षं झाली, अजून तशाच चमकताहेत.”

ती इमारत गाला प्लासिदिया नावाच्या राणीच्या नावानं ओळखली जाते. रोमच्या पश्चिमेकडच्या साम्राज्याची राजधानी ४०२ साली रावेन्नाला आली होती. ४२५ साली या राणीचा सहा वर्षांचा मुलगा गादीवर बसला आणि पुढची बारा वर्षं राज्याचा गाडा त्याच्या आईनं हाकला. वहिनी मोठ्या कौतुकानं सांगत होत्या. आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “अशी राणी तर आपल्याकडेही होऊन गेली. तिच्या मुलाची राजधानी तर इथं पवनारला होती म्हणतात!”

सगळ्याजणी माझ्याकडे पाहायला लागल्या.

“पवनारला? तिथं तर विनोबाजींचा आश्रम आहे ना?”

“मग तिथं पाहायला काय आहे?” वहिनींनी अगदी सरळ मनानं विचारलं.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते. वाकाटक घराणं, राणी प्रभावती, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलांकडून पाठ करून घेते. नागपूरला जाता-येता पवनारवरून शेकडो वेळा गेले असेन. पण त्या गावी उतरून काही पाहिलं होतं का? शाळेत असताना सहलीला आश्रमात गेले होते, तेवढंच. आमच्या वहिनी सातासमुद्रापलीकडचं लहानसं गाव पाहून आल्या आणि मला आठ-दहा किलोमीटरवरचं गाव ठाऊक नाही! त्या रात्री भांडी आवरताना हीच टोचणी लागून राहिली होती.

‘कोणाकडे कार्यक्रम आहे?’

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हटलं, “आई, रविवारी मी पवनारला जाऊन येते.”

“काऊन? कोणाकडे कार्यक्रम आहे?”

“कार्यक्रम नाही.”

“मग कोणी आजारी आहे का?”

“नाही हो. नुसतं पाहायला.”

“पाहायला?” सासूबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. “पवनारात पाहायचं काय?”

हा प्रश्न माझ्याच घरातला आहे असं समजू नका. जरा आठवून पाहा. आपण बायका घराबाहेर पडतो त्या कशासाठी? लग्न, बारसं, मयत, बाजार, दवाखाना, माहेर, आणि देव. यांतल्या कुठल्याही कारणासाठी निघालं की कुणी अडवत नाही. पण ‘एक गाव पाहून येते’ असं म्हटलं की घरातल्यांना त्याचा अर्थच लागत नाही. पुरुषमाणूस ‘जरा फिरून येतो’ म्हणून निघाला, तर कुठं आणि कशाला हे कुणी विचारत नाही.

मग मीही काय केलं? आपण सगळ्याजणी काढतो तीच पळवाट काढली. म्हटलं, “तिकडूनच पुढं केळझरच्या गणपतीला जाऊन येऊ.” झालं! सासूबाईंचा चेहरा एकदम निवळला. “मग असं सांग ना माय! माझ्या नावानं दुर्वा वाहा आणि प्रसाद आण.” शेजारच्या दोघी आणि माझी सातवीतली मुलगी, अशा आम्ही चौघीजणी निघालो.

धामच्या काठी

पवनार धाम नदीच्या काठी आहे. खडकांवरून उड्या घेत जाणारं पाणी, पलीकडे उंचावर आश्रम. नदीच्या पात्रातच एक छत्री आहे. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथं विसर्जित केला होता, त्याची ती आठवण. विनोबा इथं आले १९३८ साली, तब्येत अगदी खालावलेली असताना. पुढं १९५९ साली त्यांनी इथंच ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, तेही मुख्यतः स्त्रियांसाठी. घरदार सोडून आलेल्या स्त्रिया इथं एकत्र राहतात. शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळी कामं आपल्या हातांनी करतात, आणि निर्णय घ्यायचा तो सगळ्यांच्या मतानं. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी देह ठेवला तोही इथंच.

हे आपल्याला थोडंफार ठाऊक असतं. मी या वेळी पाहायला गेले होते त्या मूर्ती. आश्रमाच्या जमिनीत खणताना जुनी दगडी शिल्पं निघाली. त्यांत रामायणातले प्रसंग आहेत. वाली-सुग्रीवाची झुंज आहे, आणि सगळ्यांत गाजलेली ती भरत-रामाची भेट. ती पाहून विनोबांना इतका आनंद झाला, की आश्रमात भरत-रामाचं मंदिरच झालं. कडा झिजलेल्या आहेत, नाक-डोळे पुसट झाले आहेत. तरी दोन भावांची ती भेट ओळखू येते. माझी मुलगी बराच वेळ उभी होती. म्हणाली, “आई, ही आपण पुस्तकात शिकतो तेव्हाची आहे?” म्हटलं, “हो, तेव्हाचीच.” वर्गात पन्नास वेळा ‘वाकाटक’ म्हटल्यानं जे झालं नसतं, ते एका दगडानं झालं.

विदर्भाच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक डॉ. वा. वि. मिराशी यांचं म्हणणं असं, की वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानं वसवलेली राजधानी प्रवरपूर म्हणजेच आजचं पवनार. १९६७ साली नागपूर विद्यापीठानं इथं उत्खनन केलं, तेव्हा जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. काही संशोधक मात्र म्हणतात, प्रवरपूर म्हणजे रामटेकजवळचं मनसर. वाद पंडितांनी खुशाल घालावा! आपण पवनारच्या त्या उंचवट्यावर उभं राहिलं, आणि पायांखाली दीड हजार वर्षांपूर्वीच्या चुली आणि मडकी असतील हे मनात आलं, की अंगावर काटा येतो एवढं खरं.

राणीनं माहेरचं गोत्र सोडलं नाही

आता या प्रवरसेनाची आई, म्हणजे आपली प्रभावती. पूर्ण नाव प्रभावतीगुप्ता. पाटलीपुत्राच्या गुप्त सम्राटाची, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती लेक. तिचं लग्न विदर्भाच्या वाकाटक राजाशी, दुसऱ्या रुद्रसेनाशी झालं. राजा लवकर वारला. मुलं लहान होती. तेव्हा या राणीनं निदान तेरा वर्षं तरी मुलाच्या नावानं राज्य चालवलं. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. पुढं तिचा दुसरा मुलगा, हा प्रवरसेन, गादीवर बसला आणि त्यानं प्रवरपूर वसवलं. ‘सेतुबंध’ नावाचं प्राकृत महाकाव्य त्याच्या नावावर आहे.

प्रभावतीबद्दल आपल्याला कळतं ते तिच्या ताम्रपटांवरून. जमीन दान दिली की तांब्याच्या पत्र्यावर लेख कोरून द्यायची तेव्हाची पद्धत. म्हणजे सातबाराच म्हणा ना! तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला. तो एका तांबटाच्या घरी होता. वितळवून घागर झाली असती, तर एका राणीचा हा लेख आपल्याला कळलाच नसता. दुसरा मिळाला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हणजे महानुभावांच्या तीर्थक्षेत्री.

आणि त्यांत काय लिहिलंय ते ऐका. दान देताना आधी पूर्वजांची नावं लिहायची रीत असते. पुण्याच्या ताम्रपटात प्रभावतीनं पूर्वज म्हणून लिहिले ते माहेरचे. आजा-पणजा सगळे गुप्त घराण्यातले. गोत्रही माहेरचं, धारण. सासरचं गोत्र वेगळं होतं, विष्णुवृद्ध. पण तिनं आपलं गोत्र सोडलं नाही. लग्न झालं की आपलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, गोत्र तर आपोआपच बदललं असं भटजी सांगतात. आणि इथं पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वीची एक राणी तांब्यावर कोरून सांगतेय, की मी अमक्याची लेक. आमच्या चौघींतली एक बाई हे ऐकून किती तरी वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, “हे आपल्याला कुणी शिकवलं कसं नाही?”

ती रावेन्नाची राणी आणि ही आपली राणी, साधारण एकाच शतकातल्या. एकमेकींचं नावही त्यांनी ऐकलं नसणार. पण नशीब मात्र सारखं. नवरा गेलेला, मूल लहान, आणि राज्य अंगावर पडलेलं. वहिनींच्या फोटोतली ती इमारत आता मला परकी वाटत नाही.

पवनारहून आम्ही एस.टी.नं केळझरला गेलो. तिथला टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, भीमानं बकासुराला मारलं ते इथं, अशी गावाची श्रद्धा. जवळच बौद्ध विहारही आहे. दुर्वा वाहिल्या, प्रसाद घेतला. भात गाडीभर खाणारा बकासुर आठवून मुलींना डब्याची आठवण झाली, तेव्हा झाडाखाली बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि दिवेलागणीच्या आत घरी परतलो. प्रसाद हातावर ठेवताना सासूबाईंनी विचारलं, “आणि पवनारात काय पाहिलं?” मी सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त त्या गोत्राच्या गोष्टीवर “अस्सं?” म्हणाल्या.

हिंगणघाटचा साहेब

पंधरा दिवसांनी त्यांनी आपणहून विषय काढला. “हिंगणघाटात आहे का काही पाहायला?”

हिंगणघाट सासूबाईंचं माहेर. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या वर्ध्याला आल्या, आता सत्तरी ओलांडली. मी म्हटलं, “आहे ना! पण तुम्हांलाच ठाऊक असेल.” तर त्या म्हणाल्या, “मला काय ठाऊक? घर, विहीर, सातवीपर्यंत शाळा आणि गिरणीचा भोंगा. पोरींना कोण गाव दाखवतं?”

वणा नदीकाठचं हे गाव कापसासाठी प्रसिद्ध. इथल्या कापसाचं नाव एके काळी थेट इंग्लंडच्या बाजारात घेतलं जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा विदर्भाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपलं वर्धा शहर तरी काय? आधी जिल्ह्याची कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखून-रेखून वर्धा वसवलं. लगेच पुढच्या वर्षी, १८६७ साली, रेल्वे नागपूरला पोचली. कापूस आणि रेल्वे, या दोहोंनी आपली ही सगळी गावं घडवली आहेत.

पण मला सासूबाईंना दाखवायची होती ती एक कबर. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याची.

हा कोण, तर साऱ्या हिंदुस्थानची मोजणी सुरू करणारा माणूस. १८०२ साली त्यानं मद्रासजवळ काम सुरू केलं. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तसंच समजा. एक रेघ नीट मोजून घ्यायची, मग दूरच्या टेकडीचा किंवा गोपुराचा एक ठिपका धरून त्रिकोण करायचा. त्याच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. असं करत करत कन्याकुमारीपासून उत्तरेकडे सरकायचं. पहिली रेघ नीट मोजली, की पुढं कोन तेवढे मोजायचे, बाकी सगळं गणितानं निघतं. पण कोन मोजण्याचं त्याचं यंत्रच सुमारे पाचशे किलोंचं! ते माणसांच्या खांद्यांवरून डोंगरावर चढवायचं. पृथ्वीचा गोलवा नेमका किती, हे यातून त्याला काढायचं होतं.

वीस वर्षं हे काम करून, सत्तरीच्या घरात असताना, लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी तो वारला. त्याच्यानंतर काम हाती घेतलं त्याच्या मदतनिसानं. त्या मदतनिसाचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. होय, तोच! जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची पुढं याच मोजणीतून निघाली, तिचं गणित बंगालच्या राधानाथ सिकदारांनी केलं, आणि १८६५ साली त्या शिखराला एव्हरेस्टचं नाव देण्यात आलं. एव्हरेस्टचं नाव जगातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. त्याचा गुरू मात्र आपल्या हिंगणघाटात निजलेला आहे, आणि आपल्यालाच पत्ता नाही.

आम्ही विचारत विचारतच गेलो. दोघातिघांनी “कोण लॅम्बटन?” म्हणून आम्हांलाच उलट विचारलं. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी नीट वाट सांगितली. कबरीजवळ सासूबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. मी मोजणीची, यंत्राची, एव्हरेस्टची सारी हकिगत सांगितली. त्या ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “किती लांबून आला आणि इथं गेला बिचारा. घरचं कोणी जवळ होतं की नाही, कोण जाणे.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “आमच्याच गावात होता, अन् आम्हांला कोणी दाखवला नाही.”

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. अठरा वर्षं एका गावात वाढायचं आणि गाव पाहायचंच नाही! मग लग्न होऊन दुसऱ्या गावी यायचं, तिथं पन्नास वर्षं काढायची, तेही पाहायचं नाही. आपल्या मुलींचं असं होऊ नये एवढं तरी आपल्या हातात आहे की नाही?

गिरडचे दगड आणि घरचं घड्याळ

तिसऱ्या खेपेला आम्ही समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला गेलो. हे जरा लांब, वर्ध्याहून साठएक किलोमीटर. तिथं टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही नवस बोलायला जातात. गुडघ्यांमुळे सासूबाई आल्या नाहीत.

गिरडच्या टेकडीवर सुपारीसारखे, नारळासारखे गोल दगड सापडतात. त्यांची गोष्ट अशी सांगतात. दोन फिरस्ते व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली. बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले. व्यापारी पाय धरून रडू लागले, तेव्हा बाबांना दया आली आणि त्यांनी वाळलेल्या पानांतून नवा माल निर्माण करून दिला. ते पाहून दोघं जन्मभर बाबांच्या सेवेतच राहिले. शास्त्रज्ञ म्हणतात, आपला हा सगळा मुलूख लाव्हारसाच्या काळ्या खडकाचा. रस थिजताना आत वायूचे बुडबुडे राहतात आणि लाखो वर्षांत त्या पोकळ्यांत खनिजं साचून असे गोळे होतात. मुलांना मी दोन्ही सांगितलं. मुलगा म्हणाला, “मला बाबांचीच गोष्ट आवडली.” मलाही तीच आवडली, पण वर्गात दुसरीही सांगावी लागते ना!

इथं माझी एक चूक झाली. परतीच्या गाडीची वेळ मी उतरल्या उतरल्या विचारली नाही. आम्ही खाली आलो तेव्हा गाडी निघून गेली होती. पुढची मिळेपर्यंत दीड तास गेला, आणि घरी पोचायला रात्रीचे साडेआठ झाले. घरात पाऊल टाकलं तर हे गप्प. ओट्यावर खाली लागलेल्या खिचडीचा कुकर. मी हातपाय धुऊन आले, तशी ह्यांनी तोंड उघडलं. “दगड पाहायला एवढ्या लांब जायचं काही कारण? घरी काय कमी कामं आहेत?”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. उत्तर देणार तोच आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. “लग्नाहून आपण रात्री अकरा-अकराला येतो, तेव्हा कोणी घड्याळ पाहत नाही. आज ती साडेआठला आली तर काय झालं? खिचडी लागली तर वरची वरची खा.”

ह्यांनी मुकाट्यानं ताट वाढून घेतलं. खरं सांगायचं तर तेही वाईट माणूस नाहीत. काळजी वाटली, ती रागाच्या रूपानं बाहेर पडली एवढंच. पण सासूबाई त्या दिवशी बोलल्या नसत्या, तर मी पुन्हा ‘पाहायला जाते’ म्हणाले असते की नाही, कोण जाणे.

निघण्यापूर्वी एवढं करा

तुम्ही कुठल्याही गावच्या असा, आसपास तीस-चाळीस किलोमीटरांत अशी दोन-चार ठिकाणं निघतातच. जाण्यापूर्वी या गोष्टी ध्यानात ठेवा.

एका दिवसात एकच गाव, फार तर एकाच रस्त्यावरची दोन. धावपळ केली तर पाहणं होत नाही, नुसती हजेरी लागते.

आपल्या विदर्भात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाच्या झळांत मुलांना घेऊन निघू नका.

मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मंच तिकीट पडतं, तेव्हा खर्चाची सबब नको. मात्र गावात उतरल्याबरोबर परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे आधी विचारा. माझ्यासारखं करू नका!

डब्यात दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी न्यावी. रस्सा, दही, ओली चटणी नको. वर्ध्याच्या बायकांनी गोरसपाक बरोबर घ्यावा, टिकतोही आणि मुलांना गोड म्हणूनही होतो. पाणी घरचंच न्यावं.

बायकांची खरी अडचण स्वच्छतागृहाची. आश्रम, मोठी देवळं इथं सोय असते. तिथं पोचताच आधी ती पाहून घ्या. नसेल तर एखाद्या घरी मोकळेपणानं विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट चहा मिळाला आहे.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि शाळामास्तरांना विचारा. ठिकाण कुठं आहे तेवढं मोबाइल सांगेल, गोष्ट तेच सांगतील.

जुन्या मूर्तींना तेल, शेंदूर, हळदकुंकू लावू नका, आणि मुलांना लावू देऊ नका. दगड झिजतो. गिरडचे दगडही पाहावेत आणि तिथंच ठेवून यावेत. प्रत्येकानं एकेक उचलला तर आपल्या नातवंडांना काय दिसणार?

मुलांना एकेक काम द्या. एकानं नावं लिहायची, एकानं चित्र काढायचं. माझ्या मुलीची वही आता शाळेत वर्गभर फिरते.

आणि शेवटचं. पहिल्या खेपेला देवाचं निमित्त करावं लागलं तर खुशाल करा. देव काही रागावत नाही! पण दुसऱ्या खेपेला खरं कारण सांगून पाहा.

गेल्या महिन्यात आम्ही आष्टीला निघालो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. वडिलांच्या तोंडून ही हकिगत ऐकली होती, म्हणून सासूबाईंनी हे गाव स्वतः निवडलं. वर्ध्याच्या स्टँडवर गाडीत बसलो. पिशवी मांडीवर, डोक्यावर पदर, अशा सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सहज विचारलं, “काय आजी, लग्नाला निघाल्या का?”

“नाही रे बाबा,” सासूबाई म्हणाल्या, “नुसतं पाहायला.”